मुलगा कॉन्व्हेंटला, मुलगी सरकारीत

प्रति,
जिल्हा बेसिक शिक्षा अधिकारी,
झाशी, उत्तर प्रदेश

माननीय महोदय,



या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे. तेच पत्र मराठीत छापायला देते आहे, कारण झाशीतल्या शाळांचा प्रश्न मराठी वाचकांनाही आपला वाटावा अशी माझी इच्छा आहे. झाशीच्या नेवाळकर राजांच्या काळात इकडे आलेली मराठी घरं अजून इथे नांदतात आणि मी त्यांतल्याच एका घरातली. महाराष्ट्रातून माणसं झाशीला येतात, किल्ला बघतात, राणी लक्ष्मीबाईसाहेबांचं लग्न लागलं ते गणेश मंदिर बघतात, महालक्ष्मीचं दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. किल्ल्यापासून अर्ध्या तासावरच्या गावातली सात वर्षांची मुलगी कुठल्या शाळेत जाते, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही. आपलं तर रोजचं कामच ते, म्हणून आपल्याला लिहिते.

एप्रिल लागला की 'स्कूल चलो अभियान' सुरू होतं. प्रभातफेऱ्या निघतात, शिक्षक-शिक्षिका उन्हातान्हात घरोघर फिरून नावं नोंदवतात आणि नोंदणीचा आकडा वर जातो. परिषदीय, म्हणजे बेसिक शिक्षा परिषदेच्या सरकारी शाळांच्या पटावर मुली मुलग्यांच्या बरोबरीने असतात, कितीतरी शाळांत थोड्या जास्तच. या आकड्यावर मी शंका घेत नाही. तो सहज मिळालेला नाही. ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' पाहणीत 2006 साली ग्रामीण भारतातल्या 11 ते 14 वयाच्या मुलींपैकी 10.3 टक्के शाळेबाहेर होत्या, 2022 साली हे प्रमाण 2 टक्क्यांवर आलं. उत्तर प्रदेशात ते तेव्हाही 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशात सगळ्यांत जास्त होतं, पण घसरण इथेही झाली. गावात शाळा आली, शाळेत शिक्षिका आली, दुपारचं गरम जेवण आलं, आणि ज्या घरात आईला अक्षरओळख नव्हती त्या घरातली मुलगी पाटी घेऊन बसली. 2011च्या जनगणनेत झाशी जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता 85.38 टक्के होती आणि स्त्रियांची 63.49. आजच्या पहिलीतल्या मुलींच्या आज्या आणि कितीतरी आया त्या बावीस टक्क्यांच्या दरीतल्या आहेत. त्यांच्या लेकी-नाती शाळेत आहेत, हे फार मोठं काम झालं.

पण त्याच जनगणनेतला आणखी एक आकडा पटाशेजारी ठेवून बघावा अशी माझी विनंती आहे. 2011 साली झाशी जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे 866 मुली होत्या. म्हणजे शंभर लेकरं धरली तर 54 मुलगे आणि 46 मुली. आता ज्या जिल्ह्यात शंभरात मुलीच 46, तिथल्या सरकारी शाळेत शंभरातल्या 50 किंवा 52 मुली कशा? कुठल्याही शिक्षिकेला विचारा, ती उभ्या उभ्या उत्तर देईल. मुलगे दुसरीकडे गेले. 2011 साली पाळण्यात असलेली ती मुलं आता मोठी झाली, नवी जनगणना 2027ची, तोवर ताजा आकडा हाती नाही. पण गेल्या पंधरा वर्षांत मुलींचं प्रमाण कितीही सुधारलं असलं, तरी सरकारी शाळेतली ही जास्तीची मुलगी म्हणजे खासगी शाळेतली कमी असलेली मुलगीच आहे. आपण ज्याला समानता म्हणून जाहीर करतो, त्यात निम्मा हिशेब घराघरांत झालेल्या निवडीचा आहे.

ही निवड कशी होते ते मी रोज बघते. आमच्याकडे शहराच्या कडेला एक वस्ती आहे. तिथल्या एका घरात बाप रंगकामाला जातो, आई दोन घरची धुणीभांडी करते. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. सकाळी गल्लीच्या तोंडाशी पिवळी व्हॅन येऊन हॉर्न देते. मुलाला टाय आहे, बक्कलवाला पट्टा आहे, शाळेचं नाव छापलेली डायरी आहे. इथे कुठल्याही खासगी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. त्याची बाटली बहीण भरते, त्याचं दप्तर व्हॅनपर्यंत बहीण नेते, त्याच्या बुटाची नाडी खाली वाकून तीच बांधते. मग घरी येऊन रात्रीची भांडी विसळते, गुलाबी चौकड्यांचा शर्ट आणि तपकिरी स्कर्ट चढवते आणि परिषदीय शाळेकडे चालू लागते. पहिली घंटा बहुतेक वेळा झालेली असते. आईला विचारलं तर ती सरळ सांगते, "दोघांची फी झेपत नाही ताई. आणि ही पण शिकतेच आहे की! हिला तर जेवणही मिळतं, ड्रेसचे पैसे येतात." तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. एका फीचेच पैसे असतील तर ते म्हातारपणी जो सांभाळणार त्याच्यावर खर्च करायचे, एवढा तिचा हिशेब. मुलगी जास्त शिकली तर तिच्याहून शिकलेला मुलगा शोधावा लागतो आणि मग देणंघेणंही त्या प्रमाणात वाढतं, हेही ती जाणून आहे. आपल्या तक्त्यात मात्र ही भावंडं एकसारखी दिसतात, दोघांच्याही नावापुढे 'नामांकित'.

सरकारी शाळा वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. उलट परिषदीय शाळेतले शिक्षक रीतसर प्रशिक्षण घेऊन, अलीकडचे तर पात्रता परीक्षाही उत्तीर्ण होऊन आलेले असतात; गल्लीतल्या कित्येक कॉन्व्हेंटांत बारावी झालेली मुलगी तुटपुंज्या पगारावर तीन वर्ग सांभाळते. शिकवण्याच्या कसोटीवर ती नऊ वर्षांची मुलगी कदाचित भावापेक्षा चांगल्या हाती आहे. माझं म्हणणं पुढचं आहे. घरातला मुलगा जिथे जात नाही, त्या शाळेकडे घराचं लक्ष राहत नाही. बाप फी भरतो तिथे जाऊन भांडतो, वही तपासली नाही म्हणून तक्रार करतो. मुलीच्या शाळेत तो वर्षातून एकदा गेला तर गेला. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. स्त्रिया असतात. रजिस्टर घरी येतं, आई अंगठा उठवते किंवा शिकून घेतलेली सही करते, रजिस्टर परत जातं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे, कारण पाण्याच्या मोटरचा स्टार्टर जळला, आणि तो बदलायचा कोणी यावर महिने गेले, अशी शाळा मी पाहिली आहे. शाळांच्या सोयी सुधारण्याच्या 'ऑपरेशन कायाकल्प'च्या तक्त्यात तिथे फरशी आहे, दार आहे, भिंतीवर मुलीचं रंगीत चित्र आहे, सगळं बरोबर आहे. पाचवीतल्या मुली मात्र मधल्या सुट्टीत घरी जात आणि त्यातल्या काही परत येत नसत. मुलग्यांचे बाप त्या शाळेत फिरकत असते, तर तो स्टार्टर आठवड्यात बदलला गेला असता असं मला मनापासून वाटतं.

आणि आता या शाळांचा पटच त्यांच्या जिवावर उठला आहे. शासनाने 16 जून 2025 रोजी कमी पटाच्या परिषदीय शाळा जवळच्या शाळांना जोडण्याचा, पेअरिंगचा, आदेश काढला. लोक उच्च न्यायालयात गेले, गावोगाव शाळेच्या फाटकाशी आया मुलांना घेऊन बसल्या. 31 जुलैला बेसिक शिक्षण मंत्र्यांनी जाहीर केलं, की एक किलोमीटरपेक्षा लांबची शाळा जोडणार नाही आणि पन्नासपेक्षा जास्त पट असलेल्या शाळेला हात लावणार नाही. हे बरं झालं. पण पट पन्नासच्या खाली का आला, हा प्रश्न तसाच राहिला. तो खाली आला कारण गावातले मुलगे व्हॅनमध्ये बसून गेले. ज्या शाळेत मागे राहिलेल्या बहुतेक मुलीच आहेत, ती शाळा 'कमी पटाची' ठरते, तिला टाळं लागतं आणि चालावं लागतं ते मुलींना. भावाची निवड झाली त्याची किंमत बहीण दोनदा मोजते, एकदा घरात आणि एकदा रस्त्यावर. या पत्रात मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. पेअरिंगच्या फाइलमध्ये शाळेचा एकूण पट असतो, त्यातल्या मुली किती हे वेगळं पाहून निर्णय झाल्याचं मला कुठे दिसलं नाही.

पहिली गोष्ट अंतराची. एक किलोमीटर मोठ्या माणसाला काहीच नाही. शिक्षणहक्काच्या नियमांनीही पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं अंतर धरलेलं आहे. पण झाशीभोवतीचा एक किलोमीटर कसला आहे ते बघा. ग्वाल्हेरकडे, कानपूरकडे, खजुराहोकडे जाणारे रुंद महामार्ग या जिल्ह्याला चिरत गेले आहेत. रेल्वेच्या रुळांनी तर हे शहर वाढवलं. मजरा, म्हणजे वाडी, एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला, मध्ये गिट्टीचे डंपर. पावसाळ्यात नाला भरला की मधली वाट बंद आणि वळसा दुप्पट. मुलाला बाप म्हणतो, जा, बघून ओलांड. मुलीला म्हणतो, राहू दे आज. अशा 'आज'ची बेरीज होऊन नाव पटावर आणि मुलगी घरी, हे आपल्या शिक्षिका आपल्याला सांगतील. बिहारमध्ये 2006 साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तर वयानुसार माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलग्या-मुलींमधलं अंतर 40 टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं; फरक सगळ्यांत जास्त पडला तो शाळेपासून तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. अंतराचा प्रश्न मुलीचा असतो, हे एवढं स्पष्ट झालेलं असताना आपण अंतर वाढवायला निघालो आहोत.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे परक्या राज्याचं म्हणून सोडून देऊ नये. वीसहून कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचा विचार तिकडे 2023 साली सुरू झालाच होता. पानशेतच्या समूह शाळेचा दाखला तेव्हा दिला जात होता. बस येईल, मोठी शाळा मिळेल, खेळाचं मैदान मिळेल, हे युक्तिवाद तिथेही तेच होते. ज्या दिवशी बस येणार नाही त्या दिवशी धनगरवाड्यावरची मुलगी घरी राहील, हे तिथल्या शिक्षकांनी तेव्हाच सांगितलं.

दुसरी गोष्ट दिवसांची. आपलं सत्र 1 एप्रिलला सुरू होतं. नेमका तोच काळ बुंदेलखंडात चैताच्या कापणीचा. गहू, हरभरा, मसूर उभं असतं आणि ज्यांच्याकडे जमीन नाही ती घरं कापणीला बाहेर पडतात. त्यांना इथे चैतुआ म्हणतात. बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गाव सोडतात, धान्याच्या रूपात मजुरी घेऊन महिन्याभराने परततात. आठ-नऊ वर्षांची मुलगी त्यात हवीच असते, धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसायला. शिक्षिका दारात येते तेव्हा आजी मुलीचं नाव सांगते, जन्मतारीख अंदाजाने सांगते, नाव चढतं. त्या दिवशी ती मुलगी कुठल्याशा शेतावर भावाला सांभाळत असते. जुलैत शाळा पुन्हा भरते तेव्हा ती येते, शिकते, रमतेही. मग डिसेंबर येतो आणि मोंठ-चिरगावकडे मटार तोडणीला येतो. मटार तोडणीला लहान हात चालतात, मोबदला तोडलेल्या मालावर मिळतो, म्हणून आईबरोबर मुलगीही जाते. थंडीत, दंवात, पहाटे. मुलगेही जातात, नाही असं नाही, पण एक मागे ठेवायचा असेल तर मुलगा ठेवतात. गोरामछियाच्या खडी क्रशरवर राबणाऱ्या सहरिया आदिवासी घरांत तर हा हंगाम बारा महिन्यांचाच आहे. दगडाच्या धुरळ्यात वाढलेली ती मुलं पटावर कधी असतात, कधी नसतात, आणि असली तरी शाळेला त्यांचा चेहरा ओळखता येईलच असं नाही.

हजेरीपुस्तकात मुलगी आणि मुलगा यांची डिसेंबरची हजेरी वेगवेगळी काढून बघितली आहे का आपण? पट एकदाच लिहिला जातो, हजेरी रोज. समानता मोजायची तर ती रोजच्या वहीत मोजायला हवी. 'शारदा' मोहिमेत शाळेबाहेरच्या मुलांचा शोध घेतला जातो, ते चांगलंच; पण या मुली त्या यादीत येत नाहीत, कारण कागदावर त्या शाळेबाहेर नाहीतच. महाराष्ट्राने 1992 साली अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या गरीब मुलींसाठी पहिली ते चौथीपर्यंत दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. एक रुपया आज हास्यास्पद वाटेल आणि तो पुढे वाढवला गेला नाही याचा मला राग आहे. तरीही त्यात एक शहाणपण होतं, की पैसा नावाशी नाही, हजेरीशी बांधला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या मुलांसाठी तिकडे गावातच हंगामी वसतिगृहं चालवली जातात, आईबाप कारखान्यावर गेले तरी लेकरू आजीजवळ राहून शाळेत जेवतं. ती सगळीच चांगली चालतात असं नाही. पण चैताच्या आणि मटाराच्या दिवसांत बामौर, गुरसराय, बंगरा भागांतल्या मजुरांच्या गावांत असा काही आसरा उभा करता येईल का, हे बघायला हरकत काय? गुरसरायला तर खेरांची जहागीर होती, मराठी माणसाला तो रस्ता अनोळखी नाही. आमच्यातले काही जण हातभार लावायला पुढे येतील असा शब्द मी देऊ शकते.

तिसरी गोष्ट आठवीनंतरची. आपलं खातं आठवीला संपतं. नववीपासून जिल्हा विद्यालय निरीक्षकांचं खातं सुरू होतं. शिक्षणहक्क कायदाही चौदाव्या वर्षी हात सोडतो. मुलगी टी.सी. घेऊन आपल्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडते आणि दुसऱ्या फाटकातून आत गेली की नाही, हे बघणं कोणाच्याच कामात बसत नाही. आपल्या नोंदीत ती उत्तीर्ण, त्यांच्या नोंदीत ती आलेलीच नाही. 2022च्या 'असर'मध्ये उत्तर प्रदेशातल्या 15-16 वर्षांच्या मुलींपैकी 15 टक्के कुठल्याही शाळेत नव्हत्या. याहून वाईट स्थिती फक्त मध्य प्रदेशात होती, 17 टक्के. झाशी या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. 11-14च्या 4 टक्क्यांवरून 15-16ला 15 टक्के, ही उडी त्याच टी.सी.च्या कागदावर पडते. हीच गळती थोड्या प्रमाणात पाचवीनंतरही होते, जिथे प्राथमिक शाळा एका गावात आणि सहावीची शाळा दुसऱ्या गावात आहे. एकाच आवारात पहिली ते आठवी असलेल्या कंपोजिट शाळेतल्या मुलीला निदान ती एक पायरी चढावी लागत नाही. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं 2004 साली याचसाठी निघाली, अनुसूचित जाती-जमाती, मागास आणि अल्पसंख्य समाजांतल्या मुलींना सहावीपासून निवासी शिक्षण मिळावं म्हणून. 2018 नंतर ती बारावीपर्यंत नेण्याची तरतूदही झाली. त्या शाळांतल्या मुली मी पाहिल्या आहेत. ज्या घरात कोणी दहावी झालं नाही त्या घरातली मुलगी तिथे कबड्डीचा संघ चालवते, धाकट्यांना पाढे शिकवते आणि सुट्टीत घरी जायला कुरकुरते. जागा मोजक्या आहेत आणि गरजवंत मुली पुष्कळ, त्यामुळे या जागा कोणाला मिळतात याची यादी गावाच्या भिंतीवर लागली पाहिजे.

राणीसाहेबांच्या नावाने आपल्याकडे पुष्कळ काही आहे. शाळांतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याच्या योजनेला त्यांचं नाव आहे, रेल्वे स्थानकाला डिसेंबर 2021 पासून त्यांचं नाव आहे, आणि 2025-26च्या राज्य अर्थसंकल्पात गुणवंत मुलींना स्कूटी देण्यासाठी त्यांच्याच नावाने 400 कोटी रुपये ठेवले गेले. मुलगी स्कूटीवर बसून महाविद्यालयात जावी असं मला फार वाटतं. पण ती तिथवर पोचायला तिला आधी आठवीचं फाटक ओलांडायला हवं आणि त्याच्या आधी दुसरीत असताना तो महामार्ग. घोड्यावरची राणी सगळ्यांना ठाऊक आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत इथे राहिले होते. 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी राणीसाहेबांना कचेरीत बसून कारभार पाहताना, हुकूम देताना वर्णिलं आहे. कागद वाचणारी, कागद समजणारी बाई होती ती. मणिकर्णिका तांबे नावाच्या मुलीला बिठूरला मुलग्यांच्या बरोबरीने शिकू दिलं गेलं, म्हणून पुढे ती राज्य चालवू शकली. आपल्या जिल्ह्यातल्या मुलींसाठी मी एवढंच मागते आहे, मुलग्यांच्या बरोबरीने.

मग आपण काय करावं? अधिकार मंत्रालयाचे आणि पैसा शासनाचा, हे मला कळतं. आपल्या हातात आहे तेवढंच मागते. 'यू-डायस'मध्ये 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते, सरकारी शाळेचीही आणि खासगीचीही. त्यामुळे झाशीतल्या प्रत्येक गटात, प्रत्येक इयत्तेत, परिषदीय शाळेत मुली किती व मुलगे किती आणि खासगी शाळेत किती, हा तक्ता काढायला नवी पाहणी लागत नाही, संगणकावरच्या एका दिवसाच्या कामाची गोष्ट आहे. तो काढा आणि जाहीर करा. गटशिक्षण कार्यालयात लावा, पंचायतीत वाचा. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी किती मुलींचे अर्ज आले आणि किती मुलग्यांचे, हेही त्यात घाला. तिथे फी शासन भरतं, म्हणजे 'झेपत नाही' हे कारण उरत नाही, आणि घराघराचा कल तिथे उघडा दिसेल. आईबापांना दोष देण्यासाठी हे नको. गावाला आपला चेहरा दिसला की गाव बोलू लागतं, एवढा माझा अनुभव आहे.

पेअरिंगच्या प्रत्येक प्रस्तावावर त्या शाळेतल्या मुलींची संख्या वेगळी लिहावी, आणि नवी शाळा किती लांब हे नकाशावर न मोजता दुसरीतल्या मुलीबरोबर चालून मोजावं. गटशिक्षण अधिकाऱ्यांनी एकदा सकाळी तिच्या घरापासून निघावं. वाटेत महामार्ग, रूळ किंवा नाला असेल तर शाळा जोडू नये, अंतर अर्धा किलोमीटर असलं तरी. डिसेंबर आणि मार्चची हजेरी मुलगे-मुली वेगळी काढून शिक्षकांच्या बैठकीत ठेवावी, कोणाला कारणे दाखवा नोटीस न देता, कारण नोटिशीच्या भीतीने हजेरी कागदावरच भरते. आणि आठवीतल्या प्रत्येक मुलीचं नाव जुलैच्या अखेरीस निरीक्षकांच्या कार्यालयातल्या नववीच्या यादीशी ताडून बघावं. जी तिथे नाही तिच्या घरी शाळेच्या मीना मंच या मुलींच्या गटातल्या मुली आणि शिक्षिका जातील. त्या जातात, मी पाहिलं आहे, फक्त कोणाकडे जायचं ते त्यांना कोणी सांगायला हवं.

आयांबद्दल शेवटचं. बुंदेलखंडातल्याच बांदा जिल्ह्यात 1989च्या सुमारास 'महिला समाख्या'चं काम सुरू झालं. तिथल्या निरक्षर बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, आणि हातपंपाच्या सुट्या भागांची नोंद ठेवायची म्हणून अक्षर शिकायला बसल्या. त्याच प्रदेशातून 2002 साली 'खबर लहरिया' निघालं, बुंदेली बोलणाऱ्या ग्रामीण बायकांनी चालवलेलं वर्तमानपत्र. तेव्हा व्यवस्थापन समितीतल्या आईला सहीपुरतं धरू नका. महिन्यातून एकदा तिला पट आणि हजेरी वाचून दाखवा, आपल्या मुलीचे किती दिवस बुडले ते तिच्या तोंडून म्हणवून घ्या, मोटरच्या स्टार्टरसाठी शाळेच्या अनुदानातून किती पैसे आले ते सांगा.

आमच्या वस्तीतल्या काही आया आपल्याला भेटायला तयार आहेत. त्यांच्यात त्या नऊ वर्षांच्या मुलीची आईही आहे. मुलाची फी भरून मुलीचं काय करता येईल, हे तिला आपल्यालाच विचारायचं आहे. त्यांना मजुरी बुडवून यावं लागतं, त्यामुळे वेळ सकाळी नऊच्या आधीची किंवा संध्याकाळी सहानंतरची मिळाली तर बरं होईल. दिवस आपण सांगावा.

आपली,
झाशीतील एक मराठी रहिवासी